भिंतीवरच्या बटनानं स्मार्ट घराचे मोड कसे बदलायचे: नागपूरच्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात अ‍ॅलेक्सा आली, स्मार्ट बल्ब आले, कुलरला स्मार्ट प्लग लागला, आणि तरी रात्री झोपताना कोणी ना कोणी ओरडतंच की अरे गेटचा लाइट कोण बंद करणार. ओळखीपाळखीतले लोक याच्यावर जे जे विचारून राहिले ते इथं एका जागी लिहून ठेवतो, म्हणजे प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगायला नको. क्रम काही ठरवलेला नाही, तुमचा प्रश्न दिसला की तेवढंच वाचा. माझा हट्ट एकच आहे आणि तो पुढं येत राहील: बटनानं फक्त मोड बदलायचा, बाकीचं घरावर सोडायचं.

मोड आणि रुटीन, दोन्ही एकच ना?

नाही. रुटीन म्हणजे अमुक झालं की तमुक कर, सहा वाजले की बाहेरचा लाइट लाव, असं. मोड म्हणजे घरानं लक्षात ठेवलेली एक गोष्ट, की सध्या घरात काय चाललंय: लोक घरी आहेत, झोपलेत, बाहेर गेलेत की पाहुणे आलेत. मोड स्वतः काही करत नाही, एक बल्बसुद्धा लावत नाही, पण रुटीन काम करायच्या आधी त्याच्याकडं पाहतं. जिन्यातला मोशन सेन्सर घ्या. घरी मोडमध्ये कोणी आलं की पूर्ण लाइट, झोप मोडमध्ये तोच लाइट १० टक्के, आणि बाहेर मोडमध्ये लाइट लावायचाच नाही, सरळ फोनवर मेसेज. सेन्सर एकच, वागणं तीन प्रकारचं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे, नाही बसलं तर एका बटनाला वीस गोष्टी जोडाल आणि कोणती कशानं चालू झाली हे तुम्हालाच कळणार नाही.

अ‍ॅलेक्साला बोलून होतं, फोनवरून होतं, मग बटन कशाला पाहिजे?

कारण घरात तुम्ही एकटे राहत नाही. अ‍ॅप तुमच्या फोनमध्ये, पासवर्ड तुमच्याजवळ, आणि तुम्ही मिहानला ऑफिसात. घरी आजी आहे, तिला झोपायचंय, ती बिचारी अ‍ॅलेक्साला "आता झोपू दे ग बाई" म्हणते आणि ती तिसरंच काहीतरी लावते. किंवा बाळ आत्ताच झोपलंय, आता कोण मोठ्यानं बोलणार. भिंतीवरचं बटन शिकवावं लागत नाही.

फोनच्या लोकेशनवरून घरी-बाहेर आपोआप ठरवता येतं आणि ते वापरावंच, पण त्याच्या भरवशावर राहू नका. काही फोन बॅटरी वाचवायच्या नादात अ‍ॅपला मागून बंद करतात, काही लोक जीपीएस कायमच बंद ठेवतात, आणि कोपऱ्यावर तर्री पोहे खायला गेलेल्या माणसाला घर कधी बाहेर धरतं, कधी घरातच. आजीजवळ तर साधा फोन, म्हणजे घराच्या हिशोबानं आजी घरात नाहीच. सगळे ऑफिसला गेले की घर बाहेर मोडमध्ये जातं आणि आजीचा पंखा बंद, असं होऊन राहिलं आहे बऱ्याच घरांत. म्हणून लोकेशन ठेवा, पण शेवटचा शब्द बटनाचा ठेवा.

कोणतं बटन घ्यायचं?

एक तर बॅटरीवालं वायरलेस बटन, जास्त करून झिगबीचं (कमी बॅटरीत चालणारी, वायफायसारखीच एक बिनतारी पद्धत), आत सीआर२०३२ सारखा नाण्याएवढा सेल, मागं दुहेरी टेप, भिंतीला चिकटवलं की झालं. एक दाबणं, दोनदा दाबणं आणि दाबून धरणं असे तीन इशारे बहुतेक बटनं देतात. त्याला झिगबीचा हब किंवा डोंगल, म्हणजे बटनाचा सिग्नल पकडणारा डबा किंवा यूएसबीची कांडी लागते, ती असेल तर माझ्या मते सुरुवात याच्यानंच करा, भिंत फोडायची गरज नाही.

दुसरं म्हणजे आपल्या मॉड्युलर बोर्डातच एक बेल पुश टाकायचा, तोच जो दाराच्या घंटीला असतो, आणि त्याच्या मागं छोटं वायफाय किंवा झिगबी मॉड्यूल. हे दिसायला सगळ्यात छान, बाकी बटनांच्या रांगेत बसतं, सेल बदलायची कटकट नाही. फक्त मॉड्यूल घेताना एक गोष्ट पाहून घ्या की बटन आणि रिले (लाइन जोडणारा-तोडणारा आतला स्विच) वेगळे करता येतात का, कोणी त्याला डिटॅच रिले म्हणतं, कोणी डीकपल्ड मोड. ती सेटिंग असली तरच बटन दाबल्यावर नुसता इशारा जातो, नाही तर आतला रिले टक टक करत राहतो.

वायरमनला एक सांगून ठेवा. काही मॉड्यूलमध्ये बटनाची दोन टर्मिनल कोरडी असतात, तिथं फेज जोडला की मॉड्यूल गेलं. काहींमध्ये उलट, बटनातून फेजच आणावा लागतो. डब्यातला डायग्राम पाहिल्याशिवाय हात लावू द्यायचा नाही, तो कितीही म्हणो की साहेब रोजचंच काम आहे. आणि एमसीबी पाडूनच बोर्ड उघडायचा, हे सांगायची गरज पडू नये पण पडते.

घरातलं साधं खटक्याचं बटनच वापरलं तर नाही चालत का?

चालतं, पण डोकं खातं. खटक्याचं बटन वर किंवा खाली असं राहतं, म्हणजे त्याची स्वतःची एक स्थिती असते. समजा वर म्हणजे घरी आणि खाली म्हणजे झोप. रात्री तुम्ही खाली केलं, सकाळी सहाला रुटीननं आपोआप घरी मोड लावला, पण बटन बिचारं खालीच. आता रात्री परत झोप मोड पाहिजे तर आधी वर करा मग खाली करा. दोन दिवसांत घरचे वैतागतात. मॉड्यूलच्या सेटिंगमध्ये "कोणत्याही बाजूला खटका झाला की एक इशारा" असं करता येतं, त्यानं थोडं सावरतं, पण बेल पुश बसवणं एवढं स्वस्त काम आहे की ही तडजोड कशाला करायची ते मला समजत नाही.

एका बटनावर किती मोड टाकू? आणि एकूण मोड किती असावेत?

सुरुवातीला तीन: घरी, झोप, बाहेर. चौथा पाहुणे. यापुढं जायचं असेल तर आधी स्वतःला विचारा की या नव्या मोडमध्ये कमीत कमी तीन-चार गोष्टी वेगळ्या वागणार आहेत का. पिक्चर पाहताना हॉलचा लाइट मंद करायचा, याला मोड लागत नाही, तो एक सीन आहे, एकदा लावला आणि विसरला. एकानं वाचन, पूजा, स्वयंपाक, जेवण असे डझनभर मोड करून ठेवले होते, आता तोच विचारतो की माझा लाइट का लागत नाही.

एकाच बटनावर एकदा दाबलं की घरी, दोनदा दाबलं की झोप, धरून ठेवलं की बाहेर, हे तुम्हाला आठवेल पण सासूबाईंना आठवणार नाही, आणि दोनदा दाबण्याचा वेग ज्याचा त्याचा वेगळा असतो. मी तर म्हणतो जागेवरून ठरवा. दाराजवळच्या बटनाचा अर्थ बाहेर, पलंगाजवळच्याचा अर्थ झोप, आणि परत दाबलं तरी तेच. दाबत गेलं की घरी-झोप-बाहेर-घरी असं फिरत राहणारं बटन टाळा, कारण अंधारात कळत नाही आपण कुठं थांबलो ते. आठ वेळा दाबलं तरी झोप म्हणजे झोपच, असं पाहिजे.

झोप बटनाला बेडरूमचे लाइट, गेटचा लाइट, कुलर, टीव्ही सगळं थेट जोडलंय आणि मस्त चालून राहिलं, मग काय बिघडलं?

आज काही नाही बिघडलं. बिघडतं तेव्हा जेव्हा दुसरं बटन येतं. पोरांच्या खोलीतही झोपेचं बटन लावलं, मग ती यादी तिथं परत करा. मग अ‍ॅलेक्साला गुड नाइट शिकवलं, परत तीच यादी. मग रात्री बाराला कोणी विसरलं तर आपोआप झोप, चौथ्यांदा यादी. आता गेटला नवीन लाइट लागला तर चार ठिकाणी जाऊन बदला, एक राहणारच.

याच्याऐवजी चौघांनीही फक्त एवढंच करायचं की मोड झोप करा. आणि एकच रुटीन, ज्याचा ट्रिगर "मोड झोप झाला" हा आहे, ते सगळी यादी चालवेल. नवीन वस्तू आली की एकाच जागी जोडायची. बटन बदललं, तुटलं, दुसऱ्या कंपनीचं आणलं तरी यादीला धक्का नाही. शिवाय मोड लक्षात राहतो, म्हणून रात्री दोनला पाणी प्यायला उठलेल्या माणसासाठी मोशन सेन्सरला कळतं की आता ट्यूबलाइट फाडकन लावायची नाही. थेट जोडलेल्या यादीला हे कधीच कळत नाही, तिनं लाइट बंद केले आणि तिचं काम संपलं.

माझ्या अ‍ॅपमध्ये मोड कुठं सापडेल?

होम असिस्टंटमध्ये हेल्पर म्हणून ड्रॉपडाउन, म्हणजे पर्यायांची एक यादी बनवा, त्यात मोडांची नावं मराठीतच टाका, चालतात. हे २०१३ पासूनचं फुकट सॉफ्टवेअर आहे, रास्पबेरी पायवर किंवा कपाटात पडलेल्या जुन्या लॅपटॉपवर चालतं, आणि मनापासून हे करायचं असेल तर मी इथंच पाठवतो लोकांना. हुबिटॅट नावाच्या हबमध्ये मोड तयारच मिळतात, दिवस, संध्याकाळ, रात्र आणि बाहेर. सॅमसंगच्या स्मार्टथिंग्जमध्येही मोड आहेत.

गूगल होममध्ये घरी आणि बाहेर एवढंच मूळचं आहे, झोप म्हणून वेगळी अवस्था नाही. अ‍ॅपलच्या होममध्ये सीन आहेत, बटनाच्या तिन्ही दाबण्यांना वेगवेगळे सीन देता येतात, पण घरात होमपॉड किंवा अ‍ॅपल टीव्ही हब म्हणून पाहिजे. अ‍ॅलेक्सात तुम्ही बनवलेला मोड लक्षात ठेवायची सोय नाही, तिथं लोक एक खोटा स्विच किंवा खोटा दरवाजा-सेन्सर बनवतात, तो उघडा म्हणजे झोप, बंद म्हणजे घरी, आणि रुटीन त्याच्यावर लावतात. जुगाड आहे, पण चालतो.

बाजारातले बरेच वायफाय प्लग आणि सीन स्विच ज्या स्मार्ट लाइफ अ‍ॅपवर चालतात त्यात टॅप-टू-रन (दाबलं की चालणारं) आणि ऑटोमेशन (आपोआप चालणारं) असे दोन प्रकार दिसतील. टॅप-टू-रनला बटनाची एकेक दाबणी जोडता येते. दोन-तीन खोल्यांच्या घराला एवढ्यानंही भागतं.

मॅटरचं काय असंही विचारतात. मॅटर १.० ऑक्टोबर २०२२ मध्ये आलं, वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तूंनी एकमेकांशी बोलावं म्हणून. पण डब्यावर मॅटरचा शिक्का आहे म्हणून तुमच्या अ‍ॅपमध्ये त्या बटनाची दोनदा दाबणी दिसेलच असं धरू नका. घेण्याआधी आपल्याच अ‍ॅपसोबत कोणाकडं चालून राहिलं का ते विचारून घ्या.

आमच्याकडं उन्हाळ्यात सगळं कुलरवर आहे, तो मोडमध्ये कसा बसवायचा?

हा खरा नागपूरचा प्रश्न. बाहेरच्या व्हिडिओत सगळे थर्मोस्टॅट दाखवतात, आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि नवतप्यात तर घराचा कारभार कुलरच्या हिशोबानं चालतो.

पहिलं म्हणजे कुलरमध्ये पंखा आणि पाण्याचा पंप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एका स्मार्ट प्लगवर लावला की दोन्ही सोबतच चालू-बंद होतात. वायरमनकडून पंपाची वायर वेगळी काढून घ्या आणि दोघांना दोन रिले द्या. मग घरी मोड लागला की आधी पंप, ताट्या नीट ओल्या व्हायला आठ-दहा मिनिटं, मग पंखा. नाही तर सुरुवातीला कोरड्या ताट्यांतून गरम झोत तोंडावर येतो, आणि मग सगळे म्हणतात स्मार्ट कुलर बेकार आहे. झोप मोडमध्ये पहाटेपासून पंप बंद आणि नुसता पंखा, म्हणजे एप्रिलमध्ये चारच्या सुमारास पांघरूण शोधायची पाळी येत नाही. बाहेर मोडमध्ये दोन्ही बंद.

दुसरं, ह्युमिडिटी सेन्सर लावा, झिगबीचा छोटा मिळतो. कुलर पाणी उडवून गार करतो, हवाच दमट असली की पाणी उडत नाही आणि घरात नुसता चिपचिपाट. पाऊस लागला की ६५ टक्क्यांच्या वर पंप चालूच होऊ देऊ नका, मोड कोणताही असो. आकडा आपल्या घराप्रमाणं थोडा मागं-पुढं करा.

तिसरं, टाकीतलं पाणी संपलं आणि पंप कोरडा चालत राहिला की तो जळतो. दिवसभर घर रिकामं असताना कुलर आपोआप चालणार असेल तर टाकीत फ्लोट स्विच पाहिजेच, पाणी खाली गेलं की पंप बंद आणि फोनवर मेसेज.

आणि कुलर कोणता आहे तेही पाहा. गोल खटक्याचा लोखंडी लोकल कुलर असेल तर प्लग चालू केला की तो सुरू होतो, उत्तम. रिमोटवाला, टच बटनांचा कुलर प्लग चालू केला की नुसता स्टँडबायला उभा राहतो, त्याला आयआर ब्लास्टर (रिमोटसारखे सिग्नल सोडणारा छोटा डबा) लागेल. तसंच कुलरला खिडकी थोडी उघडी लागते आणि एसीला बंद, तर ज्यांच्याकडं दोन्ही आहेत त्यांनी खिडकीला एक सेन्सर लावून ठेवावा, एसी चालू आणि खिडकी उघडी असं असलं की मेसेज यावा.

गीझर, एसी, वरच्या टाकीची मोटर हेही मोडवर टाकू का?

टाका, पण छोट्या मॉड्यूलवर नाही. २ किलोवॅटचा गीझर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर घेतो आणि ही छोटी मॉड्यूलं बहुतेक १० अँपिअरची असतात, तेही हीटरसारख्या सरळ लोडला. मोटर आणि कॉम्प्रेसर चालू होताना क्षणभर कितीतरी पट करंट ओढतात, रिलेचे पॉइंट चिकटतात, आणि मग अ‍ॅपमध्ये बंद दिसतं पण मोटर चालूच. अशा लोडला मध्ये कॉन्टॅक्टर (मोठा करंट झेलणारा दणकट स्विच) लावून घ्या, मॉड्यूल फक्त कॉन्टॅक्टर ओढेल. एसीला तर प्लगनं मारूच नका, आयआर ब्लास्टरनं रिमोटसारखं बंद करा. मोटरला मोडसोबत वेळेची मर्यादा पाहिजे, की काहीही झालं तरी इतक्या मिनिटांनी बंद, नाही तर वरची टाकी वाहून अख्ख्या गल्लीला कळतं.

लाइन गेली आणि आली की काय होतं?

इथं अर्धे लोक हार मानतात. वादळ आलं, लाइन गेली, रात्री तीनला आली आणि घरातले सगळे स्मार्ट बल्ब एकदम लखलख. प्रत्येक बल्ब, प्लग, मॉड्यूलमध्ये सेटिंग असते, लाइन आल्यावर चालू, बंद की आधी होतं तसं. बल्बला आणि प्लगला "आधी होतं तसं" करा. मोटर, गीझर, इस्त्रीचा प्लग यांना "बंद".

मोडचंही तसंच. होम असिस्टंटच्या ड्रॉपडाउनला सुरुवातीचा मोड ठरवून दिला नाही तर परत चालू झाल्यावर तो आधीचाच मोड धरतो, आणि आपल्याला तेच पाहिजे. सुरुवातीचा मोड "घरी" देऊन ठेवला तर तुम्ही आठ दिवस पुण्याला गेलात आणि मध्ये एकदा लाइन गेली की घर समजतं तुम्ही परत आलात.

राउटर आणि हब दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, किंवा राउटरचा तो छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो तो लावा. बटनामागचं मॉड्यूल मेन लाइनवर आणि लाइट इन्व्हर्टरवर असं झालं तर लाइन गेल्यावर लाइट जिवंत पण बटन मेलेलं, म्हणून वायरमनला आधीच विचारा कोणता पॉइंट कशावर आहे. बॅटरीवाल्या बटनाचा फायदा इथं कळतो.

नेट गेलं तर?

ज्याचं डोकं घरातच आहे, म्हणजे होम असिस्टंट किंवा हुबिटॅट आणि झिगबी, त्याला नेट गेलं तरी बटन चालतं. ज्याचं डोकं कंपनीच्या सर्व्हरवर आहे त्याचं बटन नेटसोबत जातं. स्मार्ट लाइफमध्येही झिगबी हब असेल तर काही ऑटोमेशन हबवरच चालतात. तपासायला सोपं आहे, राउटरमधून नेटची वायर काढा, वायफाय चालू ठेवा, आणि बटन दाबून पाहा.

वायरमन म्हणतो बोर्डात न्यूट्रल नाही, खरं असेल का?

ज्या बोर्डात प्लगचा सॉकेट आहे तिथं न्यूट्रल असतोच, त्याशिवाय सॉकेट चालणार कसा. नुसत्या लाइट-पंख्याच्या छोट्या बोर्डात नसू शकतो. महाल, इतवारीकडच्या जुन्या वाड्यांत वायरिंग कोणी कधी वाढवलं याचा पत्ता नसतो, तिथं टेस्टरवर भागवू नका, मीटरनं मोजून घ्या. आणि न्यूट्रल पाहिजे म्हणून दुसऱ्या सर्किटचा ओढून आणू नका, आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारे स्विच) वेगवेगळे असतील तर ते पडत राहतात आणि कारण सापडत नाही. न्यूट्रल नसेल तर सरळ बॅटरीवालं बटन.

सकाळी सगळे बाहेर गेल्यावर कामवाल्या मावशी येतात, मोशन सेन्सर बोंबलतो. काय करू?

मावशींना एक बटन द्या. दाराच्या आतल्या बाजूला, फक्त एकच काम, दाबलं की घरी मोड पण दीड तासासाठी, नंतर आपोआप परत बाहेर. त्यांनी दाबायचं विसरलं तर पहिल्या दोन मिनिटांत नुसता आवाज करून आठवण करा, एकदम सायरन नको. त्यांच्या फोनमध्ये अ‍ॅप टाकून द्यायचं वगैरे काही लोक सांगतात, मला ते पटत नाही, त्यांच्या फोनवर आपल्या घराचा भार कशाला.

बाहेर बटनालाही असाच वेळ द्या. दाबलं आणि लगेच सगळं बंद, तर तुम्ही अंधारात चपला शोधाल. दोन मिनिटं थांबा, मग बंद.

महालक्ष्म्यांना घर भरलेलं असतं, तेव्हा पाहुणे मोडमध्ये काय ठेवता?

जे जे आपोआप बंद होतं ते थांबवायचं. बाथरूमचा लाइट पाच मिनिटांनी बंद होतो हे तुम्हाला माहीत, पण आत गेलेल्या मामेसासऱ्यांना नाही. पॅसेज आणि बाथरूमचे लाइट रात्रभर मंद चालू, हॉलमध्ये गाद्या टाकल्या असतील तर तिथला मोशन सेन्सर बंद, बारा वाजताचं आपोआप झोप बंद. महालक्ष्म्यांसमोरच्या लायटिंगला तर कोणत्याच मोडमध्ये घेऊ नका. रोजच्या पाहुण्यांसाठी हा मोड सकाळी आपोआप निघू द्या, पण सणाला हातानंच काढायचा, नाही तर ऐन जेवणाच्या पंगतीत हॉलचा लाइट मंद होईल.

स्मार्ट बल्ब लावलाय पण कोणीतरी भिंतीवरचं बटन बंद करतं, मग मोड काय कामाचा?

करणारच, जन्मभराची सवय आहे. बल्बला कायम लाइन राहील असं करा आणि तेच बटन डिटॅच केलेल्या मॉड्यूलला जोडा, म्हणजे दाबलं की बल्बला इशारा जाईल, लाइन कटणार नाही. बटनावर चिकटपट्टी लावून "बंद करू नये" लिहिणारे आहेत, पण पाहुण्यांसमोर ते कसं दिसतं तुम्हीच ठरवा. झिगबी बल्ब असेल तर अजून एक त्रास, तो बंद झाला की त्याच्यामधून जाणारे बाकीचे सिग्नलही अडतात.

बटन दाबतो पण कधी चालतं, कधी नाही.

पहिले सेल बदला. मग अंतर पाहा: बॅटरीवाली बटनं सिग्नल पुढं पाठवत नाहीत, लाइनवर चालणारे झिगबी प्लग पाठवतात, तर हब आणि बटनाच्या मध्ये एक असा प्लग टाका, खाली-वर मजले असतील तर जिन्यात. डोंगल कॉम्प्युटरला थेट खोचलेला असेल तर यूएसबीची एक्स्टेन्शन वायर लावून लांब करा, यूएसबी ३ चा पोर्ट झिगबीला गोंधळात टाकतो. झिगबी आणि वायफाय दोघंही २.४ गिगाहर्ट्झवर असतात, राउटर आणि हब एकमेकांना चिकटवून ठेवू नका. वायफाय मॉड्यूल जोडलंच जात नसेल तर फोन ५ गिगाहर्ट्झवर असेल, बहुतेक मॉड्यूलना २.४ च लागतं.

उन्हाळ्यातच बंद पडत असेल तर भिंत पाहा. बऱ्याच मॉड्यूलवर ४० अंशांपर्यंत असं लिहिलेलं असतं, आणि मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीतला बंद बोर्ड त्याच्या कितीतरी वर जातो. ते बटन आतल्या भिंतीवर घ्या.

आता कोणता मोड आहे हे फोन न पाहता कसं कळेल?

पलंगाजवळ किंवा देवघराच्या बाजूला एक छोटा रंगीत बल्ब, झोपेला मंद केशरी, बाहेरला लाल, घरी असताना बंद. आणि बटन दाबलं की एखादा लाइट एकदा मिचकावा, म्हणजे माणूस परत परत दाबत नाही.

संध्याकाळचे लाइट घड्याळावर लावू की सूर्यावर?

सूर्यावर. अ‍ॅपमध्ये लोकेशन नागपूरचं आहे का तेवढं पाहा, काहींचं मुंबईच राहून जातं आणि आपल्याकडं सूर्य मुंबईच्या २०-३० मिनिटं आधी मावळतो. डिसेंबरच्या सुरुवातीला साडेपाचलाच अंधार पडायला लागतो, जूनच्या शेवटी सात वाजत येतात. सूर्यास्ताच्या १५ मिनिटं आधीचं लावा, आणि अट टाका की मोड घरी असेल तरच.

भाड्याचं घर आहे, काय काय लावू शकतो?

चिकटवायची बटनं, प्लग, स्मार्ट बल्ब, आयआर ब्लास्टर, हब. बोर्ड उघडूच नका, आणि प्रत्येक डबा जपून ठेवा. दुहेरी टेप काढताना चुन्याच्या भिंतीचा पोपडा येतो, तर बटन दाराच्या लाकडी चौकटीवर लावा.

सेल किती दिवस टिकतो?

दाबण्यावर आहे, आणि हब लांब असेल तर लवकर उतरतो. साधारण वर्षभर तरी जातो. टक्के दाखवणाऱ्या आकड्यावर जास्त विसंबू नका, कितीतरी बटनं भरपूर टक्के दाखवता दाखवताच बंद पडतात. दिवाळीच्या साफसफाईत सगळ्या बटनांचे सेल एकदाच बदलून टाका आणि दोन जास्तीचे फ्रिजवर ठेवा, पण लहान पोरांच्या हाताला लागतील असे नको, हे सेल गिळले गेले तर थेट दवाखाना गाठावा लागतो.